हाताचा गुण

“श्रेया, माझी बॅग कुठंय?”

दारामागची खुंटी रिकामी होती. वृषालीने लसींचा डबा खाली टेकवला आणि पदराने तोंड पुसलं. मे महिन्याचं ऊन, अंगणवाडीतलं लसीकरण, रडणारी पोरं आणि त्यांच्याहून मोठ्याने रडणाऱ्या त्यांच्या आया, हे सगळं उरकून ती नुकतीच घोडेगावला घरी पोचली होती.

“असेल की तिथंच!” मागच्या मोरीतून श्रेया ओरडली. धुण्याचे आवाज चालू होते.

“नाही इथं. आणि आजी कुठंय?”

“झोपलीय.”

खाटेवर गोधडी होती, तीही घडी घातलेली. आजी नव्हती. दाराशी तिच्या चपला नव्हत्या. आणि खाटेखालची ट्रंक उघडी पडली होती. रिटायर झाल्यापासून त्या ट्रंकेत ड्युटीच्या पांढऱ्या साड्या ठेवलेल्या होत्या, डांबराच्या गोळ्या घालून. वरची साडी गेलेली होती.

ती खाटेवर बसली ती बसलीच. श्रेया ओल्या हातांनी धावत आली, आईचं तोंड बघून तिचंही तोंड उतरलं.

आता ही आजी, ठकूबाई, म्हणजे कोण, हे घोडेगावात कुणाला सांगावं लागत नाही. पण तुम्ही बाहेरचे असाल तर सांगायला हवं. ठकूबाई म्हणजे नर्सबाई. तालुक्यात दुसऱ्या नर्सा नव्हत्या असं नाही, पण त्यांना लोक सिस्टर म्हणत, ताई म्हणत. नर्सबाई एकच. नवरा गेला तेव्हा तिचा मुलगा संपत अंगावर पीत होता, आणि सासरची माणसं पांढऱ्या पायाची म्हणून तिच्या हातचं पाणी पीत नव्हती. ही बया पोराला कडेवर मारून पुण्याला गेली, नर्सिंग शिकून आली, आणि जे गाव आता डिंभ्याच्या धरणाच्या पाण्याखाली आहे तिथल्या दवाखान्यात रुजू झाली. पुराच्या पाण्यातून, डोक्यावर सामानाची पेटी घेऊन, नाकापर्यंत पाण्यातून ती बाळंतपणाला गेलेली लोकांनी पाहिलीय. पांढऱ्या पायाची म्हणणाऱ्या त्याच सासरच्या माणसांची म्हातारपणं तिनं काढली, दिरांची लग्नं लावली, पुतण्या नांदायला पाठवल्या. घरात तिचा शब्द पडला की पडला. मिशा पिकलेले दीर अजून तिच्यापुढे उभे राहूनच बोलत.

आणि लोकांचं म्हणणं असं की नर्सबाईंच्या हाताला गुण आहे. त्यांचा हात लागला की बाई सुटलीच. वृषाली स्वतः सरकारी नर्स होऊन वर्षं लोटली होती, पण गावाच्या लेखी ती नर्सबाईंची सूनच. बाया सुई टोचून घ्यायला यायच्या त्या वृषालीकडे, आणि वर सांगायच्या, “ताई, आधी नर्सबाईंचा हात लागू द्या दंडाला, मंग टोचा.” वृषाली मुकाट्याने बाजूला व्हायची. म्हातारी दंडावरून हात फिरवायची. तिला तेवढंच बरं वाटायचं.

पण त्या हाताच्या मागचं डोकं आता राहिलं नव्हतं. गेली दोन वर्षं म्हातारी विसरायला लागली होती. आधी किल्ल्या, मग वार, मग माणसं. बीपीची गोळी घेऊन झाली की परत मागायची. महिन्यापूर्वी थर्मामीटर उकळत्या पाण्यात टाकला, तो फुटला, तर काचांकडे बघत उभी राहिली. घरातल्यांना कळत होतं. बाहेर कुणाला कळू दिलं नव्हतं. “श्रेयाचं लग्न ठरू दे,” संपत म्हणाला होता, “लोकं उगाच वेड लागलं म्हणतील. तालुक्यानं जिला मान दिला तिची अशी शोभा नको.” वृषालीलाही ते पटलं होतं. आणि लपवायला सोपं होतं. समोर कोण उभं आहे हे आठवलं नाही की म्हातारी विचारायची, “काय गं, बाळ कसंय?” हे सगळ्यांनाच लागू पडायचं. ज्याच्या घरात नर्सबाईंच्या हातचं बाळ नाही असं घर तरी कुठलं?

आता मात्र झाकलेली मूठ कुणीतरी उघडून नेली होती.

वृषाली तशीच बाहेर पडली. कोपऱ्यावर भंवरलालचं किराणा दुकान. दोन पिढ्यांपूर्वी मारवाडातून आलेलं घर, पण भंवरलाल मराठी बोलायचा ते ऐकून कुणी म्हणणार नाही.

“शेठ, आई दिसल्या का हो?”

“दिसल्या म्हणजे? माझ्यासमोरच बसल्या गाडीत.” भंवरलाल खुशीत होता. “पांढरी साडी, हातात बॅग. लई दिवसांनी बघितलं राव त्या रूपात! धरणावरल्या वाडीचा कुंडलिक आलेला, दुधाची गाडी घेऊन. सून अडलीय म्हणाला. मी म्हटलं, अरे, सरकारी दवाखाना वाटेवर आहे, तिथं का नाही विचारलंस? तर म्हणतो, ‘माझा सूरज नर्सबाईंच्या हातचा, त्याचं पोर बी त्यांच्याच हातचं पायजे.’ आता ह्यावर काय बोलणार?”

“तुम्ही अडवलं नाहीत?”

“मी कशाला अडवू? आमचा पोरगा, संयम, पायाळू होता, पायाकडून आलेला. त्याची आई कंचन अजून सांगते, नर्सबाई नसत्या तर दोघं गेली असती.” मग त्याचं लक्ष वृषालीच्या चेहऱ्याकडे गेलं. “का हो ताई? काय झालं?”

“काही नाही,” वृषाली म्हणाली आणि स्टँडकडे पळत सुटली.

काय झालं होतं ते तिलाच माहीत होतं. त्या बॅगेत हातमोजे होते, दोरा होता, ब्लेड होतं. त्याची भीती नव्हती. बॅगेत काचेच्या कुप्या होत्या, बाळंतपणानंतर रक्त थांबावं म्हणून द्यायच्या इंजेक्शनच्या. बाळ बाहेर आल्यावर दिलं तर बाईचा जीव वाचवणारं औषध. बाळ पोटात असताना दिलं तर गर्भाची पिशवी अशी आवळते की बाळ आत गुदमरतं, पिशवी फाटते, आणि बाई डोळ्यांदेखत जाते. हे वृषालीला शिकवलं कुणी? ठकूबाईंनीच. नवी सून असताना, पहिलंच बाळंतपण करायला गेली आणि चक्कर येऊन पडली तेव्हा तोंडावर पाणी मारून, खांदे हलवून शिकवलं. “आधी बाळ, मग सुई! म्हण! परत म्हण!” वृषाली रडत रडत म्हणत होती. त्या आवाजाचा धाक तिच्या अंगातून अजून गेला नव्हता. सासूची पावलं वाजली की ती अजून पदर सावरायची.

आणि ह्या बाईला आता सकाळ आणि संध्याकाळ कळत नव्हती.

वडापच्या जीपला टेकून भगवंत ड्रायव्हर विडी ओढत होता. आत एकच म्हातारा, मांडीवर कोंबडी घेऊन.

“भगवंत, धरणावरल्या वाडीला चल. आत्ता.”

“चलू की ताई. दोन-चार शिटं येऊ द्या. भरल्याबिगर गाडी हालत न्हाई, तुमाला ठावं हाय.”

“अरे, बाई अडलीय तिथं!”

“मंग नर्सबाई गेल्यात न्हवं? मी सोताच्या डोळ्यांनी बघितल्या. आता कशाची भीती? त्यांचा हात लागला म्हंजे—”

“त्यांना आठवत नाही रे आता!”

वृषाली केवढ्याने ओरडली ते तिचं तिलाच कळलं नाही. स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. संपतचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला, तो कांदा घेऊन ओतूरच्या बाजारात गेला होता. येऊन म्हणेल, हे काय केलंस. म्हणू दे.

“आईंना काही आठवत नाही, भगवंत. माणसं आठवत नाहीत, औषधं आठवत नाहीत. दोन वर्षं झाली. आम्ही सांगितलं नाही कुणाला. माझ्या बॅगेत इंजेक्शन आहे, त्यांनी ते चुकून दिलं तर पोरगी मरेल.”

भगवंत हसायला लागला. “कायतरीच बोलता. परवाच भेटल्या मला. ‘काय रं, बाळ कसंय?’ म्हनल्या. म्या म्हनलं, बरं हाय की...” बोलता बोलता तो थांबला. “आमचं बाळ बारावीला हाय, ताई.”

त्याने विडी फेकली, कोंबडीवाल्या म्हाताऱ्याला दंडाला धरून खाली उतरवलं आणि गाडीला चावी मारली.

डिंभ्यापर्यंत रस्ता बरा होता. पुढे धरणाच्या कडेकडेने चढ, खड्डे, धूळ. वृषाली दांडी धरून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होती म्हणाल तर तसं नव्हतं. आधी बाळ मग सुई, आधी बाळ मग सुई, एवढंच चाललं होतं, जणू इथून म्हटलेलं तिथे वाडीवर म्हातारीच्या कानात पडणार होतं. भगवंत मधे मधे म्हणायचा, “न्हाई व्हायचं काय, ताई. न्हाई व्हायचं.” पण तोही घाबरलेला होता.

पाणी पार खाली गेलं होतं. वळणावरून धरणाचा गाळ दिसला, भेगाळलेला, आणि त्यात बुडालेल्या गावाची जोती उघडी पडलेली. त्यातलंच एक दवाखान्याचं. म्हातारी इथून जाताना हे बघून काय समजली असेल? दवाखान्यात चाललोय असंच वाटलं असेल तिला. ड्युटीवर. वृषालीला रडू फुटलं. तिला सासूचा राग आला, नवऱ्याचा आला, पण सगळ्यात जास्त स्वतःचा आला. माणसाचं विसरणं ही काय लाज होती? दोन शब्द सांगून टाकले असते गावाला, तर कुंडलिक आज दवाखान्यात गेला असता. अब्रू झाकायला गेलो आणि कुणाच्या तरी पोरीचा जीव उघड्यावर टाकला.

“त्या पोरीचं नाव काय रे?” तिने विचारलं.

“इंद्रायणी,” भगवंत म्हणाला. “आमच्या चुलत्याच्या शेजारची. लई गरीब सोभावाची.”

भगवंतने गाडीचा वेग वाढवला.

वाडीवर पोचल्यावर पहिल्यांदा ऐकू आलं ते भांडण. भांडण ऐकून माणसाला कधी बरं वाटत नाही, पण वृषालीला क्षणभर वाटलं. मयत झालेल्या घरात भांडत नाहीत.

कुंडलिक अंगणात डोक्याला हात लावून बसला होता. दारात त्याची बायको चिमाबाई उभी, तावातावाने हात करत. आणि उंबऱ्यावर, पांढऱ्या साडीत, ठकूबाई. बॅग मांडीवर, दोन्ही हातांनी आवळून धरलेली, तान्हं पोर कुणी ओढून नेईल म्हणून धरावं तशी.

“बघा बाई तुमच्या सासूबाईंचं!” चिमाबाई वृषालीवर धावून आली. “आल्यापून नुसत्या बसून हायेत! पोरगी आत तळमळायलीय. म्या म्हनलं, नर्सबाई, एक सुई मारा, म्हंजे मोकळी व्हईल. तर पिशवीच उघडंनात. म्या हात लावला तर माझ्या हातावर चापट मारली! देवावानी मानलं आमी ह्यांना, आन ह्या...”

“सुई दिली नाही?” वृषालीने विचारलं.

“कुठली सुई अन् कुठलं काय!”

वृषाली उंबऱ्यापाशी खाली बसली. “आई,” ती हळू आवाजात म्हणाली, “बॅग द्या मला.”

ठकूबाईंनी वर पाहिलं. वृषालीने त्या डोळ्यांचा आयुष्यभर धाक बाळगला होता. आज ते डोळेच घाबरलेले होते. जत्रेत चुकलेल्या पोरासारखी ती बाई एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

“मला आठवंना,” ती म्हणाली. “आधी काय द्यायचं आन मग काय, ते आठवंना. एक आधीचं असतं, एक नंतरचं असतं. चुकलं तर बाई मरती, एवढं ठावं हाय. कुठलं आधी ते गेलं डोक्यातून. लई आठवलं. न्हाई आठवत. म्हणून म्या पिशवी उघडलीच न्हाई. कुणाला उघडू बी दिली न्हाई.” मग तिची नजर वृषालीच्या साडीवर गेली, छातीवर लावलेल्या बिल्ल्यावर गेली, आणि तिने मोठा श्वास सोडला. “तुमी नर्सबाई ना? देव पावला. घ्या हो बाई, ही पिशवी. सांभाळा.”

नर्सबाई. आख्ख्या तालुक्यात हा शब्द वृषालीला कुणी म्हटला नव्हता. म्हटला तो हिने, आणि सुनेला न ओळखता. वृषालीने बॅग घेतली. बोलायला वेळ नव्हता, आतून इंद्रायणी किंचाळली.

पोरगी घामाने निथळत होती. वृषालीने हात धुतले, तपासलं. डोकं खाली आलेलं होतं. गाडीत घालून न्यावं तर वाटेतच होईल. तिने भगवंतला गाडी दाराशी लावून तयार राहायला सांगितलं, पाणी मागितलं, चिमाबाईला दिवा धरायला लावलं.

“पर बाई, आधी नर्सबाईंचा हात...” चिमाबाईचं तेच. “निदान पोटावरून फिरवू तरी द्या. त्यांच्या हाताला गुण हाय.”

ठकूबाई दारात येऊन उभी होती. तिने ऐकलं. दोन्ही हात तिने पदराखाली घेतले.

“माझा न्हाई,” ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. “माझ्या हातांना आता काय समजत न्हाई, बाई. माझ्याकडं कुणी यायचं न्हाई. गावात सांगा सगळ्यांना. ह्या नर्सबाईंकडं जायचं.”

अंगणात कुंडलिक उठून उभा राहिला. घरच्यांनी दोन वर्षं जे झाकून ठेवलं होतं ते म्हातारीने एका वाक्यात चव्हाट्यावर मांडलं, आणि मग इंद्रायणीच्या उशाशी जाऊन बसली, जशी कुठल्याही घरची म्हातारी बसते.

बाळ पुढच्या कळांना आलं. मुलगी. आली ती निळसर, न रडता. वृषालीने तोंड साफ केलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. तिला वाटलं, संपलं. माझ्या हाताला गुण नाही. मग त्या पोरीने एकदा उचकी दिली आणि असा काही गळा काढला की बाहेर भगवंत “जमलं!” म्हणून ओरडला.

“आता सुई,” वृषाली स्वतःशीच म्हणाली, आणि कुपी फोडली.

निघायला दिवस कलला. रक्त थांबलं होतं, बाळ अंगावर प्यायला लागलं होतं. कुंडलिक जीपपर्यंत आला. ठकूबाईंच्या पाया पडला, मग जरा घुटमळला आणि वृषालीच्याही पडला. “चुकलं आमचं,” म्हणाला. वृषाली म्हणाली, “आमचं चुकलं.”

खाली उतरताना म्हातारी खिडकीतून बघत होती. मग तिने वृषालीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“नर्सबाई, मला घरी सोडाल न्हवं? माझी सून वाट बघत असंल. लई घाबरट हाय ती.”

पुढे भगवंतने मान वळवली आणि परत सरळ केली.

“घाबरट आहे का?” वृषालीने विचारलं.

“तर! पहिल्या बाळंतपणाला चक्कर येऊन पडली व्हती.” म्हातारीला हसू आलं. “लोकं मला म्हनली, ही कसली नर्स व्हतीय. म्या म्हनलं, हीच व्हईल. जिला भ्याव वाटत न्हाई तिच्या हातात बाईचा जीव देऊ नये. कामाला लई चांगली निघाली. माझ्यापेक्षा बी.”

वृषालीने म्हातारीचा हात धरला. “तिला सांगितलंत का हे कधी?”

“सुनंला सांगत्यात व्हय असलं?” ठकूबाई म्हणाली. “डोक्यावर बसंल.”

वृषाली हसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसायच्या आधी मनात धस्स झालं. आजवर काही अडलं की मागे वळून विचारायला कुणीतरी होतं, रागावणारं का होईना. आता मागे कुणी नव्हतं.

घरी पोचले तेव्हा संपत ओतूरहून आला होता. बाहेरच्या ओट्यावर, जिथे पेशंट बसत, तिथेच तो गुडघे जवळ घेऊन बसला होता, डोळे लाल, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. आईला जीपमधून उतरताना पाहून तो उठायला गेला आणि परत मटकन बसला.

ठकूबाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. चपला काढून कडेला नीट ठेवल्या. मग ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, पाय खाली सोडून बसली.

“ह्यांना आधी बघा, नर्सबाई,” ती वृषालीला म्हणाली. “लई घाबरल्यात. मला घाई न्हाई.”

आणि पदर सारखा करून, हात मांडीवर घेऊन, ती आपला नंबर यायची वाट बघत बसली.